‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नक्की कोण डाऊन?

ई-पीक पाहणीचं ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आलं. तेव्हापासून खरीप आला की आपल्याकडे एकच भांडण. शेतकरी म्हणतो ॲप भिकार. कार्यालय म्हणतं ॲप उत्तम, तुमच्याकडेच रेंज नाही. मोजून कुणीच बोलत नाही.

मासळी तोलताना टपाचं आणि बर्फाचं वजन वजा करतो ना आपण? मग इथेही करा. पाहणी ऑफलाइन साठवून रेंजमध्ये आल्यावर अपलोड करता येते. ती साठवलेली नोंद घेऊन माणूस मारुती मंदिरला फुल रेंजमध्ये उभा राहिला, त्याच फोनवर त्याच मिनिटाला यूट्यूब धावतंय आणि ॲपचं चाक मात्र फिरतंच आहे, तर दोष देवरुखच्या डोंगराचा कसा? तीच नोंद रात्री दोनला झटकन जात असेल, तर दिवसा गर्दीत सर्व्हरलाच धाप लागते. उलट, शहरात येताच नोंदी पटापट जात असतील तर ॲपला शिव्या घालणं आपणही थांबवावं आणि टॉवर मागावा.

जीपीएसचं आणखी वेगळं. पाऊस कोसळतोय, वर आंबा-काजूची दाट सावली, हातात स्वस्तातला फोन. तिथे लोकेशन चुकलं तर ते ॲपचं पाप नाही. (कोकणातली बाग म्हणजे काही मोकळं मैदान नव्हे, हे मात्र ॲप बनवणाऱ्याला आधी कळायला हवं.)

हा तांत्रिक वाद नाही, बरं का. नोंद झाली नाही तर सातबारावर पिकाचा रकाना कोरा. उद्या अवकाळीने नुकसान झालं की भरपाईच्या वेळी तोच कोरा रकाना शेतकऱ्यापुढे धरला जातो. तेव्हा चूक रेंजची की सर्व्हरची, हे कोण विचारतो?

म्हणून नुसत्या मुदतवाढी नकोत, आकडे द्या. नोंद सर्व्हरवर कधी पोचली, उत्तर कधी निघालं, याची नोंद सर्व्हरवर ठेवता येते. ती तालुकावार जाहीर करा. मंडणगड, संगमेश्वर, राजापूर. फोनवर गेलेला वेळ वेगळा, नेटवर्कवरचा वेगळा, सर्व्हरवरचा वेगळा.

तोवर अपलोड अडकला की स्क्रीनशॉट घ्या. वेळ, गाव, सिम कुठल्या कंपनीचं आणि तेव्हा दुसरं काही उघडत होतं का, एवढं खाली लिहा. पन्नास झाले की प्रिंट काढून तहसीलदारांकडे जाऊ.