हळदीचा डाग गेला कुठे?

दोस्तांनो, आमच्या आजीची पाककृतींची एक वही आहे, निळ्या शाईनं लिहिलेली. आजी आता नाही, पण तिच्या हातचं लोणचं सगळ्यांच्या जिभेवर आहे. गेल्या उन्हाळ्यात आईनं कैऱ्या आणल्या, वही उघडली आणि बघते तर काय! नेमक्या लोणच्याच्या पानावर हळदीचा भला मोठा डाग. मोहरी किती, मेथी किती, धड वाचताच येईना. आणि विचारणार कुणाला?

आम्ही त्या पानाचा फोटो काढून कॉम्प्युटरवर घेतला. पुढं काय केलं ते सांगतो, पण आधी थोडी गंमत समजून घ्या.

फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यासाठी कॉम्प्युटर तीन आकडे लिहून ठेवतो. लाल प्रकाश किती, हिरवा किती, निळा किती. आकडा साधारणपणे ० ते २५५. पांढऱ्यात तिन्ही भरपूर, काळ्यात तिन्ही शून्य. आणि पिवळ्यात? लाल आणि हिरवा भरपूर, निळा मात्र अगदी थोडा. (रंगपेटीतले रंग असे मिसळत नाहीत, बरं का! हा प्रकाशाचा हिशेब आहे.)

हे तीन आकडे वेगवेगळे काढायला ‘इमेजमॅजिक’ नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. जॉन क्रिस्टी यांनी तो १९८७ मध्ये लिहायला घेतला आणि १९९० मध्ये सर्वांना खुला केला. इथं माऊसचं काम नाही. काळ्या खिडकीत हुकूम टाईप करायचा, तोही इंग्रजी अक्षरांत. फोटो ज्या फोल्डरमध्ये आहे तिथं जा आणि लिहा :

मॅजिक वही.जेपीजी -सेपरेट रंग.पीएनजी

प्रत्येक शब्दानंतर एक जागा सोडा. ‘सेपरेट’च्या आधीची आडवी रेघ विसरू नका. त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘पी’नंतर ‘ए’ येतो, ‘ई’ नव्हे. इथंच पुष्कळ जण फसतात!

एंटर दाबलंत की तीन नवी चित्रं तयार. रंग-०, रंग-१ आणि रंग-२. म्हणजे अनुक्रमे लाल, हिरवा, निळा. उघडून बघाल तर तिन्ही काळी-पांढरी! घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. प्रत्येक चित्र एकाच रंगाचा ‘किती’ सांगतं. भरपूर असेल तिथं पांढरं, नसेल तिथं काळं.

आम्ही निळ्याचं चित्र उघडलं. हळदीचा डाग काळाकुट्ट आणि अक्षरं फिकी! मग लालचं उघडलं. हळदीत लाल भरपूर, कागदातही भरपूर, म्हणून डाग कागदात मिसळून गेला. शाईत मात्र लाल कमी, म्हणून अक्षरं ठसठशीत काळी. आजीचं अक्षर पुन्हा समोर! आई बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “मेथी मी दुप्पट घालत होते की!”

ही युक्ती उलटीही चालते. १८६१ मध्ये लंडनला जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून काढलेले एका फितीचे तीन फोटो पडद्यावर एकावर एक पाडले आणि रंगीत फीत दाखवली.

तुम्हीही जोडून बघा :

मॅजिक रंग-०.पीएनजी रंग-१.पीएनजी रंग-२.पीएनजी -कंबाइन नवीन.पीएनजी

आता आजचं कोडं. ० आणि २ यांची अदलाबदल करून जोडलं तर हळदीचा डाग कोणत्या रंगाचा दिसेल? आधी वहीत हिशेब मांडा, मगच एंटर दाबा!