‘चालतंय का?’ याच्या पुढचा प्रश्न

तुमच्यापैकी जे इंजिनीअरिंगच्या फायनल इयरला आहेत त्यांना एक साधा प्रश्न: प्रोजेक्ट कुठवर आलाय? ‘होतोय’ म्हणताना पोटात गोळा आला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आणि तयार प्रोजेक्ट दुकानातून आणून कपाटात ठेवल्यामुळे गोळाबिळा काही आला नसेल, तर मग नक्कीच तुमच्यासाठी आहे.

मी इंजिनीअर नाही. मास कम्युनिकेशन केलंय आणि सध्या पेपरमध्ये उमेदवारी करतेय. पण माझी रूममेट ई अँड टीसीची. त्यामुळे मागच्या वर्षी परीक्षेआधीचा महिनाभर आमच्या खोलीत उदबत्तीऐवजी सोल्डरिंगचा वास असायचा आणि झाडू मारला की जंपर वायरी निघायच्या.

तिचा प्रोजेक्ट होता वयस्कर माणूस पडला तर कळवणारा कमरेचा पट्टा. विषय तिने इंटरनेटवरून उचलला नव्हता. तिची आजी बाथरूममध्ये पडली होती आणि किती वेळ तशीच पडून होती, हे घरात कुणालाच सांगता आलं नव्हतं. म्हणून पडल्याचं तर कळायला हवंच, पण किती वाजता पडली याची नोंदही व्हायला हवी, हा तिचा हट्ट. सामान साधंच: एक आर्डुइनो नॅनो, हालचाल ओळखणारा एमपीयू-६०५० सेन्सर आणि वेळ सांगणारी डीएस३२३१ ही घड्याळाची चिप.

नुसता सेन्सर लावला की चालायचा. नुसतं घड्याळ लावलं की तेही चालायचं. दोन्ही एकत्र लावले की सगळा बट्ट्याबोळ. घड्याळ शून्यावा महिना दाखवायचं, सेन्सर टेबलावर निपचित असताना ‘पडलं’ म्हणून ओरडायचा. तिने वायरी बदलल्या, ब्रेडबोर्ड बदलला, लायब्ररी बदलली, नवं घड्याळ विकत आणलं. आठ दिवस गेले. गाइडचं एकच पालुपद, ‘चालू करून दाखव, मग बोलू.’ वर्गातल्या एकाने तोडगा सुचवला: एक दुकान आहे, साडेसात हजारांत प्रोजेक्ट देतात, रिपोर्टसकट. खरं सांगते, तिने पैसे काढूनही आणले होते.

आता थोडं तांत्रिक. पण घाबरू नका, मला समजलं म्हणजे तुम्हाला समजेलच.

या चिप्स आर्डुइनोशी ‘आय-टू-सी’ नावाच्या पद्धतीने बोलतात. फिलिप्स कंपनीने ती १९८२ मध्ये आणली. यात दोनच वायरी असतात. एकीवरून माहिती जाते, दुसरीवरून ताल. या दोन वायरींवर कितीतरी चिप्स लावता येतात, कारण प्रत्येकीला एक पत्ता असतो. वर्गातल्या हजेरीसारखंच आहे ते. सर रोल नंबर पुकारतात आणि ज्याचा असेल तो ‘हजर’ म्हणतो. इथे आर्डुइनो पत्ता पुकारतो आणि ती चिप माहितीची वायर क्षणभर खाली खेचून धरते. तेच तिचं ‘हजर’. एवढंच नाही, तर पुढे प्रत्येक आठ बिटांनंतर नवव्या ठोक्याला ऐकणाऱ्याने पोच द्यायची असते.

शेवटी तिच्या मदतीला आले लॅबमधले काका. वर्षानुवर्षं मुलांचे जळके रेझिस्टर बघून त्यांचे केस पांढरे झालेत. त्यांनी कोडकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाले, ‘सगळं काढ. एका वेळी एकच चिप लाव. आणि काय दिसतं ते वहीत लिही.’ कुठला पत्ता ‘हजर’ म्हणतोय ते शोधणारा छोटासा प्रोग्रॅम असतो, तो तिने चालवला. वहीत पहिली ओळ लिहिली: नुसतं घड्याळ, पत्ता हेक्स ६८. दुसरी ओळ: नुसता सेन्सर, पत्ता हेक्स ६८.

आठ दिवस जे दिसलं नाही ते स्वतःच्याच अक्षरात, एकाखाली एक दिसलं. एका वर्गात दोन मुलांचा रोल नंबर एकच! पुकारा झाला की दोघंही ‘हजर’ म्हणणार आणि दोघंही एकदम बोलणार. ‘हजर’ तर ऐकू येतंय, म्हणून आर्डुइनोला चूक कळायचीच नाही. त्याच्या हाती यायचा तो नुसता कालवा. उपाय? सेन्सरवर ‘एडी-झीरो’ नावाची पिन असते. ती ३.३ व्होल्टला जोडली की सेन्सरचा पत्ता ६९ होतो. एक वायर आणि कोडमधला एक आकडा. पट्टा चालू झाला. साडेसात हजार बँकेत परत गेले.

मग आला व्हायवाचा दिवस. एक्स्टर्नलनी विचारलं, ‘चालतंय का?’ चाललं. ‘नेक्स्ट.’ त्या आठ दिवसांबद्दल, त्या वहीबद्दल एक अक्षरही नाही. त्याच दिवशी विकतचा प्रोजेक्ट आणलेल्या ग्रुपलाही हाच प्रश्न विचारला गेला. त्यांचाही चालला. मार्क जवळपास सारखेच.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. आपण मुलांना ‘प्रोजेक्ट विकत घेऊ नका’ असं सांगतो, पण परीक्षा अशी घेतो की विकत घेणाराच शहाणा ठरावा. चालू यंत्र दुकानात मिळतं. ते का चालत नव्हतं आणि कसं चालू झालं, हे काही कुठल्या दुकानात मिळत नाही. मग मार्क कशाला हवेत? माझ्या मते प्रोजेक्टच्या मार्कांतला मोठा हिस्सा त्या वहीला हवा: काय बिघडलं, कशाचा संशय आला, काय तपासलं, काय निघालं. ज्याचा प्रोजेक्ट शेवटपर्यंत चालला नाही, पण ज्याने नीट शोध घेतला, त्यालाही त्यातून न्याय मिळेल.

यावर कुणी म्हणेल, वहीसुद्धा विकत मिळायला लागेल. मिळेलही. पण त्या वहीवरचे दोन उलटे प्रश्न पाच मिनिटांत खरं-खोटं करतात. आणि हो, विकत घेणारे सगळे आळशी नसतात हेही मला मान्य आहे. प्लेसमेंट, सबमिशन, पाचला बंद होणारी लॅब, या सगळ्यात आठ दिवस एका वायरीवर घालवणं परवडत नाही. म्हणूनच त्या आठ दिवसांना किंमत द्या म्हणतेय.

आमच्या कोर्सला पहिल्याच वर्षी क्लॉड शॅननचं १९४८ चं मॉडेल शिकवतात. पाठवणारा, माध्यम, गोंगाट, ऐकणारा. शॅनन मूळचे इंजिनीअरच. त्यांच्या त्या मूळ आकृतीत बाण एकाच दिशेला जातो, परत येत नाही. आपला व्हायवा अगदी तसाच आहे. दोन वायरींवरच्या चिप्स मात्र दर आठ बिटांना पोच देतात.

तोवर तुम्ही काय कराल? सिस्टीम बदलायची वाट बघू नका, वही आजच घाला. चिप बोलत नसेल तर आधी ग्राउंड सगळ्यांचं एकच आहे का बघा. दोन वायरी उलटसुलट लागल्यात का बघा. त्यांना वर खेचणारे रेझिस्टर आहेत का बघा, कारण चिप वायर फक्त खाली खेचते, वर नेत नाही. वायरी लांब असतील तर आखूड करा, वेग ४०० किलोहर्ट्झ ठेवला असेल तर १०० वर आणा. आणि पोच आली की नाही ते सांगणारा आकडा आर्डुइनो स्वतःहून देतो, तो वाचा. शून्य म्हणजे ठीक, २ म्हणजे त्या पत्त्यावर कुणीच हजर नाही. कितीतरी कोडमध्ये हा आकडा कुणी विचारतच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदललेली प्रत्येक गोष्ट लिहा.

आणि या वर्षी येणाऱ्या एक्स्टर्नल सरांना आणि मॅडमना एक विनंती. ‘चालतंय का?’ जरूर विचारा. पण ‘नेक्स्ट’ म्हणायच्या आधी ‘कुठे अडलं होतं?’ हेही विचारा. माझ्या रूममेटकडे त्याचं वहीभर उत्तर होतं.