प्रार्थनेतला हैती आणि शेजारचा हैतीवासी

ख्रिस्ती उपवासकाळाचा चौथा आठवडा नुकताच सुरू झाला होता. ३१ मार्च २०२५ रोजी हैतीच्या मध्य भागातील मिरबाले या शहरावर सशस्त्र टोळ्यांनी हल्ला चढवला, तुरुंग फोडून पाचशेहून अधिक कैदी मोकळे केले आणि एका घरात आसरा घेतलेल्या दोन कॅथलिक धर्मभगिनींची हत्या केली. २०१० च्या भूकंपानंतर उभे राहिलेले, तीनशे खाटांचे तेथील विद्यापीठ रुग्णालयही काही आठवड्यांतच बंद करण्याची वेळ आली. जगाच्या दृष्टीने ही हैतीतील आणखी एक वाईट बातमी होती. अमेरिकेतील शेकडो कॅथलिक धर्मग्रामांना मात्र ती घरच्या बातमीसारखी होती, कारण दर रविवारच्या मिस्सेत ते ज्यांच्यासाठी प्रार्थना करतात त्या माणसांची ही भूमी आहे.

अमेरिकेतील एक धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, आणि हैतीतील एक धर्मग्राम यांची जोडी जुळवण्याची ही पद्धत जुनी आहे. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे १९७८ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातून अशा शेकडो जोड्या तयार झाल्या. हैतीतील ग्रामीण धर्मग्राम म्हणजे एक मुख्य चर्च आणि डोंगरदऱ्यांत विखुरलेली प्रार्थनास्थळे. काही ठिकाणी धर्मगुरूला तासन् तास पायपीट करून वा खेचरावरून जावे लागते. सरकारी शाळा कमी असल्याने शिक्षणाचा बराचसा भार चर्च आणि खासगी संस्थांवर पडतो. शिक्षकांचा पगार, मुलांचे दुपारचे जेवण, विहीर, दवाखाना असा खर्च अमेरिकी जोडीदार उचलतो. उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांत, या नात्याला विशेष धार चढते. एक वेळचे जेवण सोडून त्याचे पैसे बाजूला काढायचे, शुक्रवारी क्रूसाची वाट म्हणताना हैतीतील भावंडांची आठवण करायची, असा परिपाठ असतो. वर्षातून एकदा दहा-बारा जणांचा गट तेथे जाऊन येतो, परतल्यावर छायाचित्रे दाखवतो, आणि पुढल्या वर्षीचा निधी गोळा होतो.

या साखळीचा सर्वांत मजबूत दुवा म्हणजे ती वार्षिक भेट, आणि नेमका तोच तुटला. ७ जुलै २०२१ रोजी अध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची हत्या झाल्यापासून राज्ययंत्रणा ढासळतच गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोर्तोप्रिन्सच्या विमानतळावर उतरू पाहणाऱ्या अमेरिकी प्रवासी विमानावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर अमेरिकेने आपल्या विमानांना तेथे जाण्यास बंदी केली आणि ती पुढे वारंवार वाढवली. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबानुसार २०२४ या एका वर्षात टोळीहिंसेत ५,६०० हून अधिक माणसे मारली गेली, तर २०२५ च्या आरंभी विस्थापितांची संख्या दहा लाखांवर गेली होती. अशा देशात धर्मग्रामाचा गट पाठवण्याचे धाडस कोण करणार? उरले काय, तर बँकेतून पाठवायचे पैसे, मोबाइलवर येणारे धर्मगुरूचे निरोप आणि प्रार्थना.

प्रार्थना ही काही न करण्याची सोयीस्कर पळवाट आहे, असा आक्षेप येथे हमखास घेतला जातो, आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. पण जोडधर्मग्रामांच्या व्यवहारातला मूळ दोष वेगळा होता. पैशाचा ओघ एकाच दिशेने वाहत असल्याने देणारा आणि घेणारा अशी उतरंड आपोआप तयार झाली होती. शाळेला रंग कोणता द्यायचा इथपर्यंतचे निर्णय दात्याच्या इच्छेने होत असल्याची टीका या चळवळीच्या हितचिंतकांनीच केली आहे. प्रार्थनेत मात्र ही उतरंड टिकत नाही. हैतीतील धर्मग्रामही अमेरिकेतील आजाऱ्यांसाठी, बेकारांसाठी, मृतांसाठी प्रार्थना करू शकतो, आणि त्यासाठी त्याला कोणाच्या धनादेशाची वाट पाहावी लागत नाही. भेटी बंद झाल्यावर दोन्ही बाजूंना समान पातळीवर देता येण्याजोगी हीच एक गोष्ट उरली.

जर्मनीतील कॅथलिकांनी हा समतोल साधण्याचा एक प्रयत्न फार पूर्वी केला. १९५८ मध्ये स्थापन झालेली ‘मिझेरिओर’ ही त्यांची संस्था उपवासकाळात गरीब देशांसाठी निधी जमवते. १९७६ पासून तिने मध्ययुगातील एका प्रथेचे पुनरुज्जीवन केले. वेदीसमोर टांगण्याचा उपवासपट ती आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील चित्रकारांकडून रंगवून घेऊ लागली. पहिला पट पुण्यात जन्मलेले भारतीय चित्रकार ज्योती साही यांचा होता. १९८२ चा पट हैतीच्या जॅक शेरी यांनी रंगवला. म्हणजे त्या उपवासकाळात जर्मन भाविक ज्या चित्रासमोर बसून प्रार्थना करत होते, ते हैतीकडून आलेले होते. देणगीपेटीत पैसे टाकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गरिबाचे केविलवाणे छायाचित्र नव्हते, त्याची कला होती. फरक लहान दिसतो, पण लहान नाही.

अमेरिकेतील उपवासकाळाचे प्रतीक वेगळे आहे. तेथे घरोघर जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची एक छोटी पेटी ठेवली जाते. तिचे नाव ‘राइस बोल’, म्हणजे भाताचा वाडगा. १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउन येथे आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठी ही कल्पना निघाली आणि दोनच वर्षांत ती बिशपांच्या ‘कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस’ या मदतसंस्थेचा राष्ट्रीय कार्यक्रम झाली. जमलेल्या रकमेचा तीन चतुर्थांश भाग परदेशातील कामासाठी जातो, एक चतुर्थांश स्थानिक धर्मप्रांतातील गरिबांसाठी राहतो.

हैतीच्या संदर्भात मात्र या वाडग्यातला भात घशाखाली सहज उतरण्यासारखा नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत हैती आपल्या गरजेचा बहुतांश तांदूळ आर्तिबोनीतच्या खोऱ्यात पिकवत होता. आंतरराष्ट्रीय कर्जदात्यांच्या आणि वॉशिंग्टनच्या दबावाखाली १९९५ मध्ये तांदळावरील आयात शुल्क ३ टक्क्यांपर्यंत खाली आणले गेले. सरकारी अनुदानावर पोसलेला स्वस्त अमेरिकी तांदूळ बाजारात ओतला गेला. स्थानिक शेतकरी त्यापुढे टिकला नाही. शेती सोडून तो पोर्तोप्रिन्सच्या झोपडपट्ट्यांत आला आणि आज टोळ्यांचे राज्य आहे ते याच वस्त्यांवर. बिल क्लिंटन यांनी मार्च २०१० मध्ये सिनेटच्या समितीसमोर हे धोरण चुकल्याची कबुली दिली. आपल्या अर्कान्सॉ राज्यातील काही शेतकऱ्यांना त्याचा फायदा झाला असेल, पण हैतीला आपले अन्न पिकवता येईनासे झाले, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. उपवासाचे पैसे वाडग्यात टाकणाऱ्या किती कुटुंबांना हा इतिहास ठाऊक असेल? भुकेसाठी प्रार्थना करायची असेल तर भुकेच्या कारणांची नावेही त्या प्रार्थनेत यायला हवीत. जुन्या करारातील यशया संदेष्ट्याने खऱ्या उपवासाची व्याख्या करताना अन्न वाटण्याच्या आधी अन्यायाच्या बेड्या तोडण्याचा उल्लेख केला आहे, तो क्रम सहज आलेला नसावा.

२०२५ च्या उपवासकाळाने हा प्रश्न आणखी टोकाला नेला. जानेवारीत ट्रम्प प्रशासनाने परदेशी मदत गोठवली. कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेसच्या अर्थसंकल्पाचा सुमारे निम्मा भाग सरकारी निधीवर अवलंबून होता. संस्थेला मोठ्या नोकरकपातीची तयारी करावी लागली. पुठ्ठ्याच्या पेट्यांतून येणारी नाणी हे खिंडार बुजवू शकत नाहीत, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. फेब्रुवारीत अमेरिकेतील हैतीवासीयांच्या तात्पुरत्या संरक्षणाची मुदत कमी करण्याचा निर्णय झाला आणि तो न्यायालयांत गेला. मार्चच्या अखेरीस, ऐन उपवासकाळात, हैतीसह चार देशांतील पाच लाखांहून अधिक स्थलांतरितांना मिळालेला प्रवेशाचा परवाना रद्द करण्याची घोषणा झाली. कॅथलिक बिशपांनी अशा निर्णयांना विरोध नोंदवला. परंतु २०२४ च्या निवडणुकीत एक्झिट पोलनुसार कॅथलिक मतदारांचे बहुमत ट्रम्प यांच्याच बाजूने होते. रविवारी हैतीसाठी हात जोडणारे आणि मंगळवारी मत देणारे यांत अनेक जण एकच असणार, हे उघड आहे.

ओहायोतील स्प्रिंगफिल्ड हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. सुमारे साठ हजार वस्तीच्या या गावात व परिसरात कारखान्यांतील कामाच्या निमित्ताने १२ ते १५ हजार हैतीवासी आल्याचा शहर प्रशासनाचा अंदाज होता. सप्टेंबर २०२४ मधील अध्यक्षीय चर्चेत ट्रम्प यांनी हे लोक शेजाऱ्यांची पाळीव कुत्री-मांजरे खातात असा निराधार आरोप केला. त्यानंतर बॉम्बच्या धमक्यांमुळे शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. त्याच गावात सेंट व्हिन्सेंट द पॉल संस्थेचे स्वयंसेवक नवागतांना कागदपत्रे आणि अन्न मिळवून देत होते. दूरचा जोडधर्मग्राम इथे स्वतःच चालत दारात आला होता.

हैतीला जाण्याचा मार्ग बंद असताना अमेरिकी धर्मग्रामांपुढे खुली असलेली वाट हीच आहे. मायामीचे आर्चबिशप थॉमस वेन्स्की तरुण धर्मगुरू असताना तेथील हैतीयन वस्तीत काम करता करता क्रेओल शिकले आणि आजही त्या भाषेत प्रवचन देतात. राइस बोलमधला एक चतुर्थांश हिस्सा स्थानिक धर्मप्रांतातच राहतो. तो कोणावर खर्च करायचा, हे ठरवायला पोर्तोप्रिन्सचे विमान सुरू होण्याची गरज नाही.