स्वस्त खोली, महाग अट

सुटीचे दिवस जवळ आले की मुंबई, ठाणे आणि वसई-विरारकडील कुटुंबांचे लक्ष उत्तरेच्या किनाऱ्याकडे वळते. केळवे, शिरगाव, चिंचणी, डहाणू, बोर्डी ही नावे घरोघरी निघू लागतात. २०१३ साली लोकलगाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि ह्या भागात येण्याजाण्याची कारणेही वाढली. बोईसरला उतरणारा प्रवासी मात्र बहुधा निराळा असतो. तारापूर औद्योगिक वसाहतीतील रसायने, औषधे, पोलाद आणि कापड यांच्या कारखान्यांत येणारे यंत्रज्ञ, हिशेबतपासनीस, माल पुरविणारे व्यापारी यांना समुद्राशी कर्तव्य नसते. त्यांना दोन रात्री पाठ टेकण्यापुरती स्वच्छ खोली हवी असते. ह्या दोन्ही प्रकारच्या प्रवाशांपुढे आज ऑनलाइन आरक्षण करताना दोन दर मांडले जातात. एक थोडा महाग, तर दुसरा थोडा स्वस्त. आणि त्या दुसऱ्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते की, आरक्षण रद्द केल्यास रक्कम परत मिळणार नाही. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर विचार करण्याइतकी ही ओळ महत्त्वाची आहे, असे आम्हांला वाटते.

प्रथम हॉटेलवाल्याची बाजू न्यायाने पाहावयास हवी. रिकामी राहिलेली रात्र दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. मासळीबाजारातील ताज्या मालाप्रमाणे तिचे मोल संध्याकाळबरोबर मावळते. केळव्यासारख्या गावात आठदहा खोल्यांचे विश्रामगृह चालविणाऱ्याची कमाई बहुतांशी शनिवार-रविवारवर अवलंबून असते. शुक्रवारी रात्री कोणी आरक्षण रद्द केले तर त्याचे नुकसान खरे असते. म्हणून, 'रद्द करण्याचा हक्क सोडा, मी दर कमी करतो' असा सौदा त्याने मांडला तर त्यात गैर काही नाही. मात्र सौद्याला दोन बाजू असाव्या लागतात, आणि दोन्ही बाजूंना त्याची कलमे कळलेली असावी लागतात. आमचा आक्षेप आहे तो येथे.

पडद्यावर ग्राहकाला जे दिसते त्यात शांतपणे विचार करण्यास जागाच ठेवलेली नसते. 'एकच खोली शिल्लक', 'आत्ता इतके जण हीच खोली पाहत आहेत', अशा सूचना त्याला घाई करावयास लावतात. प्रथम दाखविलेला दर शेवटच्या पायरीवर कर आणि शुल्के मिळून फुगतो. ह्या क्लृप्त्या काल्पनिक नाहीत. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाची दिशाभूल करणारे असे तेरा प्रकार नोंदविले आहेत, आणि खोटी निकड व टप्प्याटप्प्याने वाढविलेली किंमत हे दोन्ही त्यांत आहेत. घाईत दिलेली संमती ही खरी संमती नव्हे, हे तत्त्व येथे शासनाने मान्य केले आहे.

आमच्या ह्या भागात तर नावेच फसवी आहेत. तारापूर हे खाडीकाठचे जुने गाव. 'तारापूर' औद्योगिक वसाहत मात्र बोईसरला. आणि १९६९ साली वीज देऊ लागलेले तारापूर अणुवीजकेंद्र ह्या दोहोंपासून वेगळ्या जागी, समुद्राकाठी. त्याखेरीज गुजरातेत एक तारापूर आहे, बिहारात दुसरे. माहीम पालघरजवळ आहे तसे मुंबईतही आहे. केळवे रोड स्थानकावर उतरणाऱ्याला केळव्याचा किनारा गाठण्यासाठी पुन्हा वाहन करावे लागते. नवख्या माणसाने नावावर भिस्त ठेवून खोली घेतली आणि ती कामाच्या ठिकाणापासून दूर निघाली, तर चूक पाच मिनिटांत ध्यानात येऊनही पैसे गेलेलेच असतात.

दैवाधीन अडचणींची गोष्ट निराळीच. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढून गाड्या थांबल्या. २८ मे २०२४ रोजी पालघर स्थानकात मालगाडी घसरली आणि विरार-डहाणू मार्गावरील लोकल बंद पडल्या. अशा दिवशी विरारला अडकलेल्या प्रवाशाची बोईसरची खोली रिकामी राहते, यात त्याचा अपराध कोणता? तरीही सारा भुर्दंड त्यानेच सोसावा, असे ती बारीक अक्षरांतील ओळ सांगते.

कायदा इतका एकांगी नाही. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते की, करारभंगाबद्दल रक्कम आधी ठरलेली असली तरी तिच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, प्रत्यक्ष हानीशी सर्वस्वी विसंगत असा दंड ग्राहकावर लादणाऱ्या कराराला 'अनुचित करार' म्हटले आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी तर असे बंधन घातले आहे की, विक्रेत्या मंचाने स्वतः एकतर्फी व्यवहार रद्द केल्यास तसाच आकार सोसण्याची त्याची तयारी नसेल, तर ग्राहकाकडूनही त्याने रद्द करण्याचा आकार घेऊ नये. रात्री दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याला 'खोली नाही' असे ऐकावे लागले आणि त्याची केवळ मूळ रक्कम परत केली, तर ह्या समतेचे काय झाले?

मग घोडे अडते कोठे? पहिली अडचण जबाबदारीची. पैसे घेतो मध्यस्थ, अट घालतो हॉटेलवाला. तक्रार घेऊन गेलेल्या ग्राहकाला एक दुसऱ्याकडे बोट दाखवितो. ह्या मध्यस्थांचे वजन किती आहे हे ऑक्टोबर २०२२ मध्ये दिसले. हॉटेलांवर लादलेल्या दरविषयक बंधनांच्या प्रकरणात स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो आणि ओयो यांना मिळून ३९२ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. दुसरी अडचण न्यायमंचाची. अनुचित कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही. ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. तीन हजारांच्या खोलीसाठी राज्य आयोगापर्यंत कोण जाईल? हक्क दिला, पण त्याची पायरी इतकी उंच ठेवली की सामान्य माणूस ती चढूच नये.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. परताव्याची अट दराच्या शेजारी, दराइतक्याच मोठ्या अक्षरांत आणि मराठीतही असावी. परताव्याचे टप्पे असावेत. रेल्वे तिकिटाच्या बाबतीत गाडी सुटण्याची वेळ जसजशी जवळ येते तसतशी कपात वाढते, तोच न्याय येथे का नसावा? रद्द झालेली खोली पुन्हा विकली गेली तर पहिल्या ग्राहकाचे पैसे परत मिळावेत. एकाच रात्रीचे भाडे दोनदा घेणे हा व्यापार नव्हे. रेल्वे बंद पडली किंवा सरकारी आदेशाने किनाऱ्यावर जाण्यास मनाई झाली, तर ही अट आपोआप रद्द समजावी. आणि अनुचित कराराच्या लहान तक्रारी ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला मिळावा.

वाचकांनाही दोन शब्द. महाग दर तीन हजार आणि स्वस्त दर सत्तावीसशे असेल, तर तीनशे वाचविण्यासाठी आपण सत्तावीसशे पणाला लावतो. बेत मोडण्याची शक्यता दहांत एकाहून कमी असेल तरच हा सौदा फायद्याचा. कारखान्यातील कामाच्या तारखा आणि पावसाळ्यातील सहली ह्या हिशेबात क्वचितच बसतात. पैसे भरण्यापूर्वी हॉटेलला दूरध्वनी करून जागा नेमकी कोठे आहे ते विचारावे, अटींचे चित्र जपून ठेवावे, आणि अन्याय झाल्यास १९१५ ह्या ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम लहान म्हणून गप्प बसणाऱ्या हजारोंच्या मौनावरच ही प्रथा पोसली जाते. ते मौन ग्राहकांनी सोडावे, आणि शासनाने आपणच केलेले नियम अमलात आणावेत.