गरोदरपणातला रक्तस्राव ही पाळी नव्हे

‘दिवस राहिले तरी काही जणींना पहिले दोन-तीन महिने थोडी थोडी पाळी येतेच,’ हे वाक्य कोकणातल्या पडवीत जसे ऐकू येते, तसेच मुंबईच्या चाळीतही. ते चुकीचे आहे. गर्भ राहिल्यावर पाळी थांबते आणि बाळंतपण होईपर्यंत ती येऊच शकत नाही. रक्त दिसू शकते, अनेकींना दिसतेही. पण ते पाळीचे नसते. हा नुसता शब्दांचा वाद नाही. बुरोंडीसारख्या गावात या एका शब्दापायी काही तास वाया जातात, आणि कधी कधी तेवढेच तास हातात असतात.

बुरोंडी हे दापोली तालुक्यातले किनाऱ्यावरचे गाव. पर्यटकांना ते परशुरामाच्या भव्य पुतळ्यामुळे माहीत, तालुक्याला मासळीमुळे. दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय इथून दहा-बारा किलोमीटरवर, तेही वळणावळणाच्या रस्त्याने. तिथून पुढे पाठवायची वेळ आली तर खेडजवळचे कळंबणी, चिपळूणजवळचे कामथे किंवा सावर्ड्याजवळचे डेरवण. जिल्हा रुग्णालय रत्नागिरीला, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरवर. घरातला पुरुष बोटीवर किंवा मुंबईला. अशा घरात ‘पाळी आली असेल, सकाळी बघू’ म्हणून काढलेली रात्र फार महाग पडू शकते.

पाळी येते म्हणजे काय होते? दर महिन्याला गर्भाशयाच्या आत एक मऊ अस्तर तयार होते. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक कमी होते, अस्तर सुटते आणि रक्तावाटे बाहेर पडते. गर्भ रुजला तर मात्र त्याच्याकडून एचसीजी नावाचे संप्रेरक येते आणि ते प्रोजेस्टेरॉन टिकवून धरते. लघवीच्या तपासणीत पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती या एचसीजीमुळेच. ज्या अस्तरात गर्भ रुजलेला आहे ते दर महिन्यासारखे गळून पडले, तर गर्भ टिकणार कसा? म्हणून गरोदर बाईला रक्त दिसले की त्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

ते कारण दर वेळी भीतीचेच असते असे नाही. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारपैकी एका गरोदर स्त्रीला कमी-अधिक रक्तस्राव होतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचे गरोदरपण पुढे नीट पार पडते. गर्भ रुजताना, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या आसपास, गुलाबी किंवा तपकिरी डाग एक-दोन दिवस दिसू शकतात. गर्भाशयाचे मुख या काळात नाजूक झालेले असते, त्यामुळे संबंधानंतरही थोडे रक्त येते. पाळीचे रक्त सहसा डागांनी सुरू होऊन वाढते, तीन-पाच दिवस टिकते, ओळखीच्या चालीने थांबते. पण नुसते रक्त पाहून ते कशाचे आहे हे डॉक्टरलाही सांगता येत नाही, मग घरातल्या जाणत्या बाईला कसे सांगता येईल? तारीख पुढे गेली असेल किंवा पाळी नेहमीपेक्षा वेगळी वाटली असेल, तर आधी लघवीची तपासणी करावी. आशाताईंकडे त्यासाठी ‘निश्चय’ किट असते. ‘पाळी आणायच्या’ गोळ्या परस्पर दुकानातून आणणे हा या टप्प्यावरचा सर्वांत वाईट उपाय. गर्भ गर्भाशयाबाहेर राहिला असेल तर गर्भपाताच्या गोळ्या तो काढू शकत नाहीत. रक्त मात्र दिसते आणि ‘झाले मोकळे’ असा समज होतो.

नळीत राहिलेला गर्भ

सगळ्यात फसवे दुखणे हेच. शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत गर्भ गर्भाशयाऐवजी बहुतेकदा बीजवाहक नळीत रुजतो. बाहेर दिसणारे रक्त थोडेच, पाळीच्या सुरुवातीसारखे. ओटीपोटात एका बाजूला दुखते. नळी फुटली की रक्त पोटात साठते, खांद्याच्या टोकाला दुखू लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. कपड्यावर किती रक्त पडले यावरून इथे अंदाज बांधणारे हमखास फसतात. इथे पाळीचा चहा-काढा करत बसू नये. तारीख चुकलेली बाई चक्कर येऊन पडली तर गाडी बोलवावी.

गर्भपात होत असेल तर पोटात कळा येतात, रक्त वाढते, गाठी पडतात. त्यानंतर घरात ‘मासळीची टोपली उचललीस म्हणून’ असा ठपका सुनेवर ठेवला जातो. तो बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष हे असते आणि तो कोणी ओझे उचलल्याने होत नाही. पलंगाच्या पायाखाली विटा लावून झोपवून ठेवल्याने गर्भ वाचतो याला आधार मिळालेला नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात, फारशा कळा न येता, पुन्हा पुन्हा गर्भ पडत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गर्भाशयाचे मुख सैल असू शकते. त्यावर टाका घालण्याची १९५५ साली प्रसिद्ध झालेली पद्धत जगभर ‘शिरोडकर टाका’ म्हणून ओळखली जाते. ते डॉ. वि. ना. शिरोडकर आपल्याच किनारपट्टीवरचे, गोव्यातल्या शिरोड्याचे.

पाचव्या महिन्यानंतरचे रक्त कधीच किरकोळ समजू नये. दुखत नाही पण लालभडक रक्त जाते, तेव्हा वार खाली, गर्भाशयाच्या मुखावर असण्याची शक्यता असते. सोनोग्राफीने वारेची जागा कळेपर्यंत आतून तपासणी करू नये. सुईणीने तर नाहीच. याउलट पोट दगडासारखे घट्ट झाले, सतत दुखते आहे आणि रक्त थोडेच आहे, तर वार आधीच सुटली असू शकते. रक्तदाब वाढलेल्या बायकांत हा धोका जास्त. नऊ महिने भरल्यावर चिकट स्रावाबरोबर रक्ताची छटा दिसणे मात्र बाळंतपण जवळ आल्याची खूण असते.

पाळी समजण्याची चूक आणखी एका ठिकाणी भोवते, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. प्रसूतीची तारीख शेवटच्या पाळीपासून २८० दिवस धरून काढतात. खरी पाळी ५ जानेवारीला आली आणि ३ फेब्रुवारीचे डागही पाळी म्हणून सांगितले, तर तारीख १२ ऑक्टोबरऐवजी १० नोव्हेंबर निघते. ऑक्टोबर संपत आला तरी घरात ‘अजून पंधरा दिवस आहेत’ असे म्हणत बसतात. प्रत्यक्षात बाळाचे दिवस उलटून गेलेले असतात. नोंदणीच्या वेळी नुसते ‘शेवटची पाळी कधी?’ विचारून कार्डावर तारीख लिहिणे म्हणूनच अपुरे आहे. ‘ती नेहमीसारखी होती का, किती दिवस होती?’ हा प्रश्न प्रत्येक आशाताईने आणि नर्सने विचारायला हवा. त्याला खर्च काहीच नाही. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी ही चूक दुरुस्त करते, पण ती करायला बाईने वेळेत यायला हवे.

वेळेत न येण्याचे एक कारण घरातच आहे. ‘बाजूला बसणे’, ‘अडचण’, ‘कावळा शिवला’ या आडपडद्याच्या शब्दांत किती रक्त, कोणत्या रंगाचे, केव्हापासून हे काहीच सांगता येत नाही. नवी सून सासूलाही सांगायला लाजते, फोनवर नवऱ्याला सांगणे तर दूरच.

तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणे, चक्कर, एका बाजूला तीव्र कळ, ताप, पाचव्या महिन्यानंतरचे कोणतेही रक्त: यांपैकी काहीही असले तर १०८ला फोन करावा. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला नेण्या-आणण्याची गाडी, औषधे आणि लागले तर रक्तही जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११पासून मोफत आहे. सिझेरियन आणि रक्ताची सोय सर्वांत जवळ कुठे आहे, हे आशाताईंना सातव्या महिन्यातच विचारून ठेवावे. निघताना वापरलेले पॅड किंवा कापड सोबत घ्यावे, म्हणजे किती रक्त गेले ते दाखवता येते. कार्डही घ्यावे. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अशा रक्तस्रावानंतर अँटी-डी इंजेक्शन लागू शकते आणि ते ७२ तासांच्या आत द्यायचे असते.