श्रावणातला वाचक

श्रावणी सोमवारी ओतूरच्या कपर्दिकेश्वराला तांदळाच्या पिंडींचे दर्शन घेण्यासाठी अलोट गर्दी लोटते. त्याच परिसरात तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. याच दिवसांत जुन्नर-आंबेगावातल्या गावोगावच्या मंदिरांत पोथी लागते. कुठे श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’, कुठे महिपतींचा ‘भक्तिविजय’. एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि अक्षरओळख नसलेले एखादे आजोबा पुढच्या अध्यायात काय घडणार ते आधीच सांगून मोकळे होतात! ‘वाचनालय’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून समाजाने स्वतःच्या बळावर चालवलेली ही वाचनाची व्यवस्था आहे.

गावातले सार्वजनिक वाचनालय मात्र या काळात बहुधा स्वस्थ असते. त्याची जागृती १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनी होते. प्रतिमापूजन, भाषण, छायाचित्र आणि वरिष्ठांकडे अहवाल. डॉ. कलाम आणि कुसुमाग्रज दोघेही आम्हाला वंदनीयच आहेत. तक्रार त्यांच्याविषयी नाही. परंतु वाचकाची सवड सरकारी दिनदर्शिका पाहून येत नाही, हे कोणी ध्यानात घ्यायचे?

या दोन तालुक्यांत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर पूर्वेचा भाग ऊस, कांदा, टोमॅटो यांत बारमाही गुंतलेला असतो. पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या कुशीत, भाताची शेती करणारा आपला वनवासी समाज राहतो. आषाढात लावणी उरकली की श्रावणाचा पाऊस त्याला घरात बसवतो. ऑक्टोबरात भात कापणीला येऊ लागते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी नारायणगावच्या बाजाराची वाट धरतात; चैत्राच्या सुमारास हिरडा गोळा करण्याची धांदल. म्हणजे वाचन प्रेरणा दिनी हाती विळा आणि भाषा गौरव दिनी कित्येक घरांच्या दाराला कुलूप! वाचायला-ऐकायला सवड असते ती श्रावण-भाद्रपदात. तेव्हाच पुस्तक तिथे पोहोचत नाही.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी दिलेल्या पुराव्यांत जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटाच्या ब्राह्मी शिलालेखाचाही दाखला होता. सातवाहनांची राणी नागणिका हिच्या नावाशी जोडलेला हा लेख सुमारे दोन हजार वर्षे त्या कातळावर आहे. ज्या डोंगराने भाषेच्या प्राचीनतेची साक्ष दिली, त्याच डोंगरातल्या वाड्यांवरच्या मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकापलीकडे काय पडते, याचे उत्तर देताना आपली मान खाली जाते. पेढे मात्र आपण सर्वांनी खाल्ले.

उपाय नवा नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली आणि लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती खेडोपाडी धाडली. एका संस्थानाला शंभर वर्षांपूर्वी सुचले ते आज अवघड का वाटावे? १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने अनुदानाची सोय केली हे खरे. तेवढ्याने कपाट भरते, पण ते कपाट डोंगर चढून जात नाही. ते काम कार्यकर्त्याचे. जिथे पोथी चालते तिथेच, पोथी संपल्यावर, त्याच मंडपात पेटी उघडावी. मुलांना गोष्टी, तरुणांना शिवचरित्र आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके, बायकांना जे हवे ते. (आपण पुष्कळदा त्यांना विचारीतच नाही.) आणि मार्गशीर्षात गाव खाली उतरले की पेटीनेही नारायणगावला उतरावे.

दिवाळी अंकांचेच पाहा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली घालून दिलेली ही परंपरा आजही वाचनालयांना सभासद मिळवून देते. पौषापर्यंत अंकांवर झुंबड असते. माघात त्यांचे गठ्ठे बांधून माळ्यावर जातात. तेच गठ्ठे पुढच्या आषाढात बाहेर काढावेत. आहुप्याला एस.टी. जाते. एका पेटीला फार तर एका माणसाची जागा लागेल.