अंकांची साक्ष

वाचकहो, आज एका सव्वीस अंकी संख्येची ओळख करून घेऊ. तिच्या कथेचा आरंभ म्हैसूरचा आहे. बंगळूरच्या शकुंतलादेवी (१९२९–२०१३) यांनी वयाच्या सहाव्या वर्षी म्हैसूर विद्यापीठात आपले गणनकौशल्य दाखविले. त्यांचे वडील सर्कशीत काम करीत. त्यांना रीतसर शालेय शिक्षण लाभले नव्हते. पुढे १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांना दोन तेरा अंकी संख्या गुणावयास दिल्या गेल्या :

७६८६३६९७७४८७० आणि २४६५०९९७४५७७९.

अठ्ठावीस सेकंदांत त्यांनी उत्तर दिले :

१८९४७६६८१७७९९५४२६४६२७७३७३०.

ऐकून आपण थक्क होतो. पण उत्तर बरोबर कशावरून? यंत्राला विचारता येईल. तथापि, बेरीज येणारे घरातील मूलही पाटी-पेन्सिल घेऊन या उत्तराची परीक्षा करू शकेल.

पहिली कसोटी नवाची. १०, १००, १००० यांना ९ ने भागले असता बाकी १ च उरते. म्हणून कोणत्याही संख्येची नवाने भागून उरणारी बाकी तिच्या अंकांच्या बेरजेवरूनच कळते. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ७८, बाकी ६. दुसरीची ७४, बाकी २. सहा दुणे बारा, म्हणजे बाकी ३. आता उत्तराचे अंक मिळवा : १३८. बाकी ३ च!

परंतु ही कसोटी थोडी भाबडी आहे. लिहिताना शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तरी बेरीज तीच राहते आणि चूक लपते. तेथे अकराची कसोटी उपयोगी पडते. एक सोडून एक अंक घेऊन दोन बेरजा करावयाच्या. दोन्ही समान आल्या, अथवा त्यांतील अंतराला अकराने पूर्ण भाग गेला, की त्या संख्येलाही अकराने पूर्ण भाग जातो. दुसऱ्या संख्येत या बेरजा ३७ आणि ३७ येतात. म्हणजे तिला अकराने भाग जातो. मग गुणाकारालाही गेलाच पाहिजे. उत्तरातील बेरजा करून पाहा : ६९ आणि ६९!

तरीही एक सावधगिरी हवी. या उत्तरात कोणी ९९ मिळविले, तर चुकीचे उत्तरही दोन्ही कसोट्यांतून सुटेल. कारण ९९ ला नवाने आणि अकरानेही पूर्ण भाग जातो. कसोटीत न उतरलेले उत्तर निश्चित चूक असते. उतरलेले उत्तर मात्र तेवढ्यानेच सिद्ध होत नाही.

शकुंतलादेवींची प्रतिभा लाखांत एखाद्यालाच लाभते. पडताळून पाहण्याची सवय मात्र प्रत्येक घराला लावून घेता येते. आज रात्री जेवणानंतर मुलांना जवळ बसवा आणि वरील सव्वीस अंक त्यांच्याकडून मोजून घ्या. आमच्या बेरजांवरही विसंबू नका!